छोटे गाव, खून आणि प्रार्थना : अमेरिकेतील ख्रिस्ती रहस्य-प्रणय कादंबरीचे अंतरंग

अमेरिकेच्या एखाद्या उपनगरातील सार्वजनिक वाचनालयात शनिवारी सकाळी मुलांना घेऊन गेलेल्या मराठी पालकांना कादंबऱ्यांच्या दालनात एक निराळी फळी अनेकदा दिसते. पुस्तकांच्या कण्यावर ‘इन्स्पिरेशनल’ किंवा ‘ख्रिश्चन फिक्शन’ अशी छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. मुखपृष्ठावर दीपगृह, धुक्यात नाहीशी होणारी वाट, पाठमोरी उभी तरुणी आणि दूरवर चर्चचा मनोरा. मलपृष्ठ सांगते की बऱ्याच वर्षांनी नायिका आपल्या गावी परतली आहे, गावात खून झाला आहे आणि तपास करणारा पोलीस अधिकारी तिच्या जुन्या ओळखीचा आहे.

तेथील प्रकाशनविश्वात या प्रकाराला ‘ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स’ म्हणतात. मराठीत त्याला ख्रिस्ती रहस्य-प्रणय कादंबरी म्हणता येईल. त्या परंपरेबाहेरचा वाचक तिची बहुधा दोनपैकी एका शब्दात बोळवण करतो : ‘धर्मप्रचार’ किंवा ‘टाइमपास’. परंतु कार्यालयातील सहकारी, शेजारच्या घरातील आजी किंवा मुलांच्या शाळेतील शिक्षिका यांच्या उशाशी हीच पुस्तके असू शकतात. गुन्हा, क्षमा आणि परक्यावरचा विश्वास यांविषयी अमेरिकेतील श्रद्धावान मध्यमवर्ग स्वतःशी काय बोलतो, हे या कादंबऱ्यांतून जितके उमगते तितके निवडणुकीच्या भाषणांतून उमगत नाही. म्हणून त्यांची घडण समजून घेणे अगत्याचे आहे.

तीन पेडांची वेणी

सामान्य रहस्यकथेत एकच प्रश्न असतो : गुन्हेगार कोण? प्रणयरम्य रहस्यकथेत त्याला दुसरा जोडला जातो : हे दोघे एकत्र येतील का? ख्रिस्ती प्रकारात तिसरा पेड येतो : संकटात सापडलेल्या माणसाची ईश्वरावरील श्रद्धा टिकेल का, आणि नसल्यास जागी होईल का? भय, प्रीती आणि श्रद्धा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी मिळालीच पाहिजेत, असा या प्रकाराचा अलिखित करार आहे. खुनी सापडला पण नायिकेचा ईश्वराशी असलेला तंटा मिटला नाही, तर नेहमीच्या वाचकाला पुस्तक अपुरे वाटते.

काही प्रकाशकांनी हा करार लेखी स्वरूपातही मांडला आहे. प्रणयकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘हार्लेक्विन’ या कंपनीने १९९७ मध्ये ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही श्रद्धाप्रधान प्रेमकथांची माला सुरू केली आणि २००५ मध्ये तिची रहस्यप्रधान शाखा ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ काढली. तेथे कादंबरी सुमारे ५५ हजार शब्दांची असावी लागते. संकट पहिल्या काही पानांतच ओढवते, आणि कथन बहुधा आळीपाळीने नायिकेच्या व नायकाच्या दृष्टीतून पुढे सरकते. शिवीगाळ वर्ज्य, शरीरसंबंधांचे वर्णन वर्ज्य, चुंबनापर्यंत मुभा. मात्र खून, अपहरण, जाळपोळ, अमली पदार्थांची तस्करी यांना मज्जाव नाही.

खुनाला मोकळीक आणि अपशब्दाला बंदी, हे नव्या वाचकाला चमत्कारिक वाटते. त्यामागचा विचार असा की, हिंसा ही कथेत पापाचे रूप म्हणून येते आणि कथा तिच्यावर मात करते. शृंगाराचे वर्णन मात्र थेट वाचकाच्याच मनात वासना जागवू शकते. हा तर्क प्रत्येकाला पटेल असे नाही. तथापि तो ध्यानी घेतल्यावर या पुस्तकांतील एरवी न उलगडणाऱ्या अनेक गोष्टींचा अर्थ लागतो.

हा प्रकार आला कोठून?

याच्या एका बाजूस श्रद्धाप्रधान प्रेमकथांची जुनी परंपरा आहे. ग्रेस लिव्हिंगस्टन हिल (१८६५–१९४७) या अमेरिकन लेखिकेने शंभराहून अधिक पुस्तके लिहिली आणि प्रेमकथेत धर्मसंदेश गुंफण्याची वाट रुळवली. १९६७ मध्ये कॅथरिन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ आली. १९७९ मध्ये कॅनडाच्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ बेथनी हाउसने प्रसिद्ध केली. गवताळ प्रदेशात वसाहतीला आलेली एक तरुण विधवा आणि एक विधुर यांच्या सोयीच्या लग्नातून हळूहळू उमलणाऱ्या प्रेमाची ही साधी गोष्ट अफाट खपली, आणि ख्रिस्ती कादंबरीला मोठी बाजारपेठ आहे हे प्रकाशकांच्या लक्षात आले.

दुसऱ्या बाजूस धर्माशी संबंध नसलेली रहस्य-प्रणय परंपरा आहे. डाफ्नी द्यू मॉरिए यांची ‘रिबेका’ (१९३८) हा तिचा ठळक टप्पा. तेथे नायिकेला छळणारा संशय हाच की, ज्याच्यावर आपण प्रेम करतो तोच आपल्या जिवावर उठलेला तर नाही ना?

१९८६ मध्ये फ्रँक पेरेटी यांच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ने तिसरा संस्कार केला. ॲश्टन नावाचे छोटे महाविद्यालयीन गाव, तेथील एक पाद्री, एक वृत्तपत्र-संपादक, आणि त्यांच्या डोक्यावर अदृश्यपणे चाललेले देवदूत व दुष्टात्मे यांचे युद्ध, असे तिचे कथानक. ती प्रेमकथा नव्हे; पण वरवर शांत दिसणारे गाव हीच धर्मयुद्धाची भूमी ठरू शकते, ही कल्पना तिने ख्रिस्ती वाचकांच्या मनात पक्की रुजवली.

या तिन्ही प्रवाहांचा संगम १९९० च्या दशकात झाला. टेरी ब्लॅकस्टॉक या आधी टोपणनावांनी सामान्य प्रणयकथा लिहीत असत. आपले लेखन आपल्या श्रद्धेशी विसंगत आहे असे वाटून त्यांनी ती वाट सोडली आणि त्या ख्रिस्ती रहस्यकथांकडे वळल्या. डी हेंडरसन यांनी अनाथालयात वाढलेल्या व एकच आडनाव स्वीकारलेल्या सात ‘भावंडां’ची ओ’मॅली मालिका लिहिली. त्यांच्यामागून कॉलीन कोबल, आयरीन हॅनन, लिनेट ईसन, डॅनी पेट्री अशी लेखिकांची फळी उभी राहिली.

‘केप रेफ्यूज’ : एक नमुना

या प्रकाराचे बलस्थान पाहायचे असेल तर ब्लॅकस्टॉक यांची ‘केप रेफ्यूज’ ही २००२ मध्ये झोंडरव्हनने प्रसिद्ध केलेली कादंबरी घ्यावी. जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराजवळच्या एका काल्पनिक बेटावरील हे गाव. तेथे ओवेन्स दांपत्य ‘हॅनोव्हर हाउस’ नावाचे घर चालवते. तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून सावरणारे, कोठेच आसरा नसलेले लोक तेथे राहतात. गावाला हे खुपते. असल्या लोकांना येथे ठेवणे धोक्याचे आहे, ते घर बंद करा, अशी मागणी गावच्या नगरपरिषदेपुढे येते. दांपत्याच्या दोन मुली, मॉर्गन आणि ब्लेअर, सभेत आई-वडिलांची वाट पाहत असतात; आणि त्यांचा खून झाल्याचे उघडकीस येते. गुदामाच्या ज्या इमारतीत त्यांचे चर्च भरत असे तेथेच त्यांचे मृतदेह सापडतात. संशय येतो तो थेट मॉर्गनच्या पतीवर, आणि पोलिसप्रमुख मॅथ्यू केड याला आपल्याच मित्राला अटक करावी लागते.

या मांडणीत तिन्ही पेड एकदम ताणले जातात. जावई गुन्हेगार आहे का, हा तपासाचा प्रश्न. ज्यांनी आयुष्यभर परक्यांना आसरा दिला त्यांनाच असे मरण का आले, हा श्रद्धेचा प्रश्न. तो प्रश्न बोलून दाखवते ती धाकटी ब्लेअर. गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल असलेली, चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण वागवणारी ही मुलगी आई-वडिलांच्या देवाला मानत नाही. तिचा राग खोटा किंवा उथळ दाखवलेला नाही, हे लेखिकेचे श्रेय. आणि केडचे मन गुंतते ते याच ब्लेअरमध्ये.

विजोड जू

येथे या प्रकारातील सर्वांत महत्त्वाचा पेच उभा राहतो. ‘नव्या करारा’त, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, श्रद्धावंताने अश्रद्धाशी एकाच जुवाला जुंपून घेऊ नये असा उपदेश आहे. एक बैल एका चालीचा आणि दुसरा दुसऱ्या चालीचा असला की नांगर सरळ चालत नाही, ही त्यामागची प्रतिमा शेतीशी नाते असलेल्या मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ख्रिस्ती प्रणयकथा हा उपदेश सहसा शिरोधार्य मानते. म्हणूनच केड आणि ब्लेअर यांना चार पुस्तकांच्या मालिकेत दीर्घकाळ वाट पाहावी लागते.

‘रिबेका’च्या परंपरेत नायिकेपुढचा प्रश्न असतो, तो खुनी तर नाही ना? ख्रिस्ती प्रकारात नायकाच्या सचोटीविषयी बहुधा फारशी शंका नसते. शंका असते ती दोघांच्या श्रद्धेविषयी. भयाचे केंद्र शयनगृहातून बाहेर गावात सरकते आणि संशयाचे केंद्र नायकाच्या हातांतून त्याच्या किंवा तिच्या अंतःकरणात. सराईत लेखिका या स्थलांतराचा उत्तम उपयोग करतात. कच्ची लेखिका मात्र शेवटच्या प्रकरणात घाईघाईने धर्मांतर घडवून लग्नाची वाट मोकळी करते. हा दोष या प्रकारात इतका ओळखीचा आहे की जाणते वाचकच त्यावर प्रथम बोट ठेवतात. श्रद्धेचा बदल पात्राच्या दुःखातून आला आहे की कथानकाच्या गरजेतून, ही चांगल्या-वाईट पुस्तकाची सर्वांत सोपी कसोटी होय.

गावच का?

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील सुमारे ८० टक्के लोक शहरी भागांत राहतात. तरीही या कादंबऱ्या पुनःपुन्हा छोट्या गावात घडतात. त्याचे एक कारण तांत्रिक आहे. गाव म्हणजे संशयितांचे मर्यादित वर्तुळ. अगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पलनेही सेंट मेरी मीड या खेड्यातूनच मनुष्यस्वभाव ओळखायला शिकून घेतले. दुसरे कारण सामाजिक आहे. चर्च, शाळा, पोलीस ठाणे आणि न्याहारीचे उपाहारगृह यांत तीच ती माणसे भेटतात. आजाऱ्यासाठी दूरध्वनीवरून प्रार्थनेची साखळी फिरते, आणि त्याच साखळीतून गावगप्पाही फिरतात. ज्या जवळिकीत आधार मिळतो तीच जवळीक पाळतही ठेवते. रहस्यकथेला याहून सुपीक जमीन कोणती?

तिसरे कारण अधिक खोल आहे. यांतील अनेक कथांची नायिका परतून आलेली असते. शहरात काहीतरी मोडलेले असते आणि ती जुन्या घराच्या किल्ल्या घेऊन येते. वाचकाच्या मनातील गाव हे बहुधा प्रत्यक्ष पत्त्याचे गाव नसते. ते सोडून आलेल्या माणसाने आठवणीत जपलेले गाव असते. मायदेश सोडून वीस वर्षे लोटलेल्या मराठी माणसाला ही भावना परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र आठवणीतले गाव नेहमी थोडे खोटे असते, आणि खून झाल्यावर ते खोटेपण उघडे पडते. आदरणीय माणसाच्या घरातच काळोख निघतो आणि ज्याच्याकडे गाव संशयाने पाहत होते तो निर्दोष ठरतो, हे वळण येथे वारंवार येते. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा गाव वाचलेले असते, पण पूर्वीइतके भाबडे उरलेले नसते.

दुकानाचा दरवाजा

ही पुस्तके दीर्घकाळ एका वेगळ्या व्यापारी जगात विकली गेली. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘ख्रिश्चन बुकसेलर्स असोसिएशन’शी संलग्न दुकानदारांचे जाळे देशभर होते. कोणते पुस्तक फळीवर ठेवायचे हे तो दुकानदार ठरवी, आणि त्याला आपल्या गिऱ्हाइकाची नाराजी परवडत नसे. शिवीगाळ व शृंगार यांविषयीचे निर्बंध पाळले गेले त्यात धर्मविचाराइतकाच या दुकानदाराचा वाटा होता.

पुढे हे जग पालटले. हार्परकॉलिन्सने १९८८ मध्ये झोंडरव्हन, २०१२ मध्ये थॉमस नेल्सन आणि २०१४ मध्ये हार्लेक्विन विकत घेतले. त्यामुळे ख्रिस्ती कादंबऱ्यांच्या मोठ्या हिश्श्याची मालकी न्यूज कॉर्प या बलाढ्य माध्यमसमूहाकडे गेली. ‘फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स’ ही दुकानांची साखळी २०१७ मध्ये बंद झाली, आणि ‘लाइफवे’ने २०१९ मध्ये आपली १७० दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. विक्री ऑनलाइन बाजाराकडे आणि मोठ्या भांडारांकडे सरकली. दुकानदाराचा पहारा गेला, तरी संकेत टिकले. कारण ते वाचकांनी स्वतःचे म्हणून स्वीकारले होते. मुले हाताळतील अशा घरात निःशंकपणे ठेवता येईल असे, पण छातीत धडधड वाढवणारे पुस्तक त्यांना हवे असते.

क्षमा कोणी करायची?

या प्रकाराच्या गाभ्याशी क्षमा आहे. कितीही पतित माणूस पश्चात्तापाने नवा होऊ शकतो, हा ख्रिस्ती श्रद्धेचा आधार. ‘हॅनोव्हर हाउस’ उभे आहे ते त्यावरच. पण याच ठिकाणी या साहित्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही उभा राहतो. त्याचे लख्ख दर्शन रहस्यकथेत नव्हे, तर शेजारच्या ऐतिहासिक प्रणयकथेच्या दालनात घडले.

‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेने २०२१ मध्ये धार्मिक वा आध्यात्मिक प्रणयकथेसाठीचा आपला पुरस्कार कॅरन विटमायर यांच्या ‘ॲट लव्ह्ज कमांड’ या कादंबरीला दिला. तिचा नायक घोडदळातील अधिकारी असतो आणि वुंडेड नी येथील हत्याकांडात त्याचा सहभाग असतो. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डकोटात अमेरिकन सैन्याने लकोटा जमातीच्या स्त्री-पुरुष-बालकांची जी कत्तल केली, तीच ही घटना. नायकाला तीव्र पश्चात्ताप होतो, तो हिंसेविषयीचा आपला मार्ग बदलतो आणि पुढे त्याला प्रेम व शांती लाभते. पुरस्कारावर मोठी टीका झाली आणि संघटनेने तो काही दिवसांतच मागे घेतला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्याजोगे आहे. पाठीराख्यांच्या मते, अक्षम्य वाटणाऱ्या पापालाही क्षमा आहे हे सांगणे हेच या साहित्याचे प्रयोजन. सोप्या पापांची क्षमा दाखवण्यात विशेष ते काय? टीकाकारांचा प्रश्न असा की, क्षमा ईश्वराने केली, प्रेयसीने केली, वाचकाने केली; पण ज्यांचा संहार झाला ते लोक कथेत आहेत कोठे? त्यांचे मरण केवळ नायकाच्या आत्मिक प्रवासाची पहिली पायरी ठरते काय?

हाच प्रश्न घेऊन छोट्या गावातील रहस्यकथेकडे परतले, तर चांगल्या आणि सामान्य पुस्तकांतील भेद स्पष्ट होतो. सामान्य पुस्तकात मृत व्यक्ती हे केवळ निमित्त असते. नायक-नायिकेची भेट घडवून ती विस्मरणात जाते. ‘केप रेफ्यूज’सारख्या पुस्तकात मृतांचे जगणे हाच वादाचा विषय राहतो. त्यांनी उघडलेले दार आता कोण उघडे ठेवणार, हे मुलींना ठरवावे लागते, आणि त्याची किंमत त्यांना स्वतः मोजावी लागते.

मराठी वाचकाने का वाचावे?

श्रद्धेच्या प्रसारासाठी कादंबरी, ही कल्पना मराठीला नवी नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना जिच्यापासून आरंभ करावा लागतो अशी ही कृती एका ख्रिस्ती लेखकाची आहे. तिच्यात प्रवासाचे कथानक आहे, विधवांच्या हालांचे चित्रण आहे आणि शेवटी धर्मांतर व पुनर्विवाहही आहे. आज ती वाचली जाते ते तिच्या उपदेशासाठी क्वचितच. तिने समाजापुढे धरलेल्या आरशासाठीच. हेतूने लिहिलेले पुस्तक हेतूपलीकडेही काही सांगून जाते, हा धडा मराठीने आपल्या पहिल्याच पावलावर घेतला आहे.

अमेरिकेतील या कादंबऱ्याही त्याच सवयीने वाचाव्यात. त्यांतील श्रद्धा मान्य करण्याची सक्ती नाही, आणि ती हसण्यावारी नेण्याचीही गरज नाही. पुस्तक हाती घेतल्यावर खुनी कोण याबरोबरच आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. गावाचा पहिला संशय कोणावर जातो? क्षमा मिळते तेव्हा ज्याचे नुकसान झाले त्याचा आवाज ऐकू येतो का? आणि कथेच्या शेवटी त्या गावात बाहेरून आलेल्या माणसासाठी जागा वाढली की कमी झाली? एखाद्या शेजारणीने असे पुस्तक आपुलकीने हातात दिले, तर वाचून परत करताना तिच्याशी बोलण्यासाठी हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिची उत्तरे ऐकताना, आपण ज्या गावात येऊन राहिलो आहोत ते गाव स्वतःकडे कसे पाहते, याचाही अंदाज येईल.